फुलाबाईंची पहिली दशक्रिया

२ फेब्रुवारी, रविवार
मान अवघडली आहे. डावीकडे वळतच नाही. प्रतिभा म्हणते, सोफ्यावर झोपून मॅच बघितल्यामुळे. साफ चूक. मळ्यातल्या कामामुळे. शेवंती तोडायला बायका असतात हे खरं, पण दिवसभर त्यांच्यावर लक्ष ठेवायला मानच लागते.

पेट्रोल पंपाच्या लकी ड्रॉमध्ये नंबर लागला. आयुष्यात पहिल्यांदा. मिक्सर असेल वाटलं होतं. निघालं गंगापूर रोडच्या एका स्पाचं कूपन. फुल बॉडी रिलॅक्सिंग मसाज. एका व्यक्तीसाठी, सोमवार ते गुरुवार, फक्त सकाळी.

अडचण अशी की गेल्याच महिन्यात प्रतिभाने वाढदिवसाला हेच मागितलं होतं. तिच्या बचत गटातल्या दोघी जाऊन आल्या, गुडघे हलके झाले म्हणे. मी तिला शांतपणे समजावलं होतं की आपल्यात असं करत नाहीत. संस्कृती वगैरे सगळं घेतलं होतं. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, पण मी मुद्दा सोडला नव्हता.

कूपन पाकिटात ठेवलंय. वापरणार नाही. पण फुकट घालवणं हाही एक प्रकारचा माजच.

४ फेब्रुवारी, मंगळवार
खूप विचार केला. ती जागा चांगली की वाईट, हे मी आधी जाऊन बघितलं पाहिजे. मग प्रतिभाला नेता येईल. नवरा म्हणून ही माझी जबाबदारी आहे. मानेचा काही संबंध नाही.

फोन करून गुरुवारची सकाळ घेतली.

आता घरी काय सांगायचं? प्रतिभा चारचौघांत सांगते, ‘आमच्या ह्यांच्यात शंभर खोडी असतील, पण खोटं बोलणार नाहीत.’ माझ्याबद्दल एवढं एकच चांगलं ती बोलते. त्याला धक्का लावून चालणार नाही. म्हणून असं कारण हवं, जे खोटं असलं तरी कुणी खोटं म्हणणार नाही.

सुचलं. दशक्रिया. आपल्या भागात दशक्रियेला निघालेल्या माणसाला कुणी अडवत नाही. सकाळचीच असते, कामं आपोआप सुटतात, उलट लोक म्हणतात माणुसकी आहे.

पण मयत कोण? नाशिकमधलं नको, प्रतिभाला सगळे माहीत. म्हणून मनमाडचा धनराज. आयटीआयचा मित्र, नंतर रेल्वेत लागला. आयटीआयची दोन वर्षं मी त्याच्याच घरी जेवायचो. त्याची आई फुलाबाई. तेव्हाच त्या म्हाताऱ्या वाटायच्या. आता असणं शक्यच नाही. म्हणजे हे खोटं नाहीच, फक्त उशिरा सांगणं आहे.

प्रतिभाला सांगितलं. चुकचुकली. म्हणाली, जेवू घातलंय त्यांनी, जाऊन या.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी
पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, टोपी. दशक्रियेचा पोशाख करणं भाग होतं. प्रतिभाने न मागता रुमाल दिला. जरा वाईट वाटलं. तिला पुढच्या महिन्यात नक्की नेणार. ठरलं.

दुपारी
रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं मी वर्गणी मागायला आलोय. म्हणाली, सर नाहीत, नंतर या. कूपन दाखवल्यावर तिने माझ्या टोपीकडे बघितलं, मग कूपनकडे, मग आत जाऊन कुणाला तरी बोलावलं.

आत एक कागदी चड्डी दिली. मला वाटलं डोक्याला घालायची आहे, तेलाने टोपी खराब होऊ नये म्हणून. थेरपिस्टने हळू आवाजात सांगितलं. तो भला माणूस, हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. चड्डी पलंगावर चढतानाच उसवली. बनियन काढणार नाही म्हणालो. काढावं लागलं.

लिहू नये, पण लिहितो. त्याने दोन्ही हात पाठीवर ठेवले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाठीवर कुणी हात ठेवून किती वर्षं झाली, काही आठवेना. त्याने विचारलं, प्रेशर जास्त होतंय का. मी म्हणालो वाफेमुळे. तिथे वाफ नव्हती.

मग झोप लागली. बाजूच्या खोलीतल्या बाईंनी घोरण्याची तक्रार केली, असं निघताना कळलं. मान मात्र लोण्यासारखी वळतेय. त्याने बजावलं की संध्याकाळपर्यंत अंघोळ करू नका, तेल मुरू द्या.

संध्याकाळी
दारातच अडवलं. दशक्रियेहून आलं की आमच्याकडे आधी अंघोळ, मग उंबरा. हे कसं विसरलो? अंगणातल्या नळाखाली, थंड पाण्याने, साबण लावून. सगळं तेल वाहून गेलं. प्रतिभाने शर्ट उचलला, हुंगला. वास कसला म्हणाली. मी म्हणालो, अगरबत्त्या फार लावल्या होत्या. लव्हेंडरच्या.

मग तिने विचारलं, कावळा शिवला का?

नुसतं हो म्हणायला हवं होतं. पण ती इतक्या आस्थेने ऐकत होती, की मला राहवलं नाही. म्हणालो, शिवतच नव्हता. पिंड ठेवून सगळे ताटकळले. धनराजने हात जोडले, सुनेने जोडले, कावळा झाडावरून हलेना. शेवटी मी पुढे झालो आणि म्हणालो, ‘काकू, माझ्या बायकोला घेऊन तुमच्या घरी जेवायला येईन.’ शब्द पूर्ण व्हायच्या आत शिवला.

प्रतिभाने डोळे पुसले. चहात आलं घातलं. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

८ फेब्रुवारी, शनिवार
घोटाळा. प्रतिभा म्हणते मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आहे, लवकर पुरा करायला हवा, नाहीतर जीव घुटमळतो. त्यांच्या घरी द्यायला साडी आणली. पुढच्या रविवारी मनमाड. मी म्हणालो, कामं आहेत. ती म्हणाली, काम कावळ्याला सांगायचं होतं.

धनराजचा जुना नंबर लावून बघितला. बंद आहे. म्हणजे त्यांनी गाव सोडलं असणार. कुलूप असेल, बाहेरूनच नमस्कार करून येऊ. काळजी करण्यासारखं काही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
जेवण झालं. परत आलो. लिहिलं पाहिजे.

एसटीने गेलो. घर तिथेच होतं. कुलूप नव्हतं. प्रतिभा पदर सावरून, चेहरा गंभीर करून पुढे झाली. दारात एक म्हातारी लसूण सोलत होती. प्रतिभा तिला हळूच म्हणाली, आम्ही फुलाबाईंसाठी आलोय.

म्हातारी म्हणाली, “मीच हे फुलाबाई. कोन पायजे?”

प्रतिभा माझ्याकडे वळली. मी साडीच्या पिशवीकडे बघत होतो. फुलाबाई डोळे बारीक करून माझ्याजवळ आल्या, गालावरून हात फिरवला, त्या हाताला लसणाचा वास. “शेखर तू? मला वाटलं, इसरला आमाले,” म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

धरणी दुभंगली असती तर मी तिकीट काढून आत गेलो असतो.

प्रतिभाने कमाल केली. खाली वाकून पाया पडली. म्हणाली, तुम्हालाच भेटायला आलो, हे सारखी आठवण काढतात. साडी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी चूल पेटवली, बाजरीच्या भाकरी थापल्या, पिठलं केलं, आणि मी किती खायचो, परीक्षेच्या आदल्या रात्री कसा रडायचो, सगळं तिला सांगितलं. लय गुणाचं पोर, म्हणाल्या. प्रतिभा म्हणाली, हो, गुणाचेच. मी ताटावर हात आडवा धरला. तरी तिसरी भाकरी वाढली.

धनराज ड्यूटीवरून आला. नवा नंबर दिला. प्रतिभाला निघवत नव्हतं. फुलाबाईंनी तिच्या ओटीत तांदूळ घातले आणि पोरी, परत ये म्हणाल्या. ती येते म्हणाली.

बसमध्ये तिने एकच विचारलं. त्या दिवशी कुठे होता? मी सांगितलं, स्पामध्ये.

तिने ओटीतले तांदूळ रुमालात बांधले. मग म्हणाली, कसा आहे?

बरा आहे म्हणालो.

ओझर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार
शांतपणे विचार करता प्रकरण तितकं वाईट नाही. माणूस मेल्याची अफवा उठली की त्याचं आयुष्य वाढतं, असं जुने लोक म्हणतात. म्हणजे माझ्यामुळे फुलाबाईंना वर्षं मिळाली. हे प्रतिभाला सांगायला गेलो. तिने मिक्सर चालू केला.

१९ फेब्रुवारी, बुधवार
प्रतिभासाठी त्याच स्पामध्ये अपॉइंटमेंट घेतली. तिला म्हणालो, जा, गुडघे हलके होतील. ती म्हणाली, “नको. आपल्यात असं करत नाहीत.”

माझंच वाक्य. ऐकायला इतकं वाईट असेल असं वाटलं नव्हतं. लाज वाटली. मानही पुन्हा अवघडली आहे, पण हे कुणाला सांगणार?

२ मार्च, रविवार
आज पाहुण्यांसमोर माझा विषय निघाला. प्रतिभा म्हणाली, ‘आमच्या ह्यांच्यात शंभर खोडी आहेत.’ पुढचं बोललीच नाही. मी वाट बघत होतो. तिने चिवड्याची बशी पुढे केली.

संकल्प: यापुढे शंभर टक्के खरं. भाजी खारट तर खारट.

२० मार्च, गुरुवार
धनराजचा फोन. फुलाबाई काल पहाटे गेल्या. झोपेतच. अंत्यविधी कालच झाला, धावपळीत कळवायचं राहिलं म्हणाला. दशक्रिया पुढच्या शुक्रवारी.

मी खुर्चीवर बसून राहिलो. मग स्वयंपाकघरात जाऊन प्रतिभाला सांगितलं.

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, “पुन्हा मारलंत त्यांना? किती वाजताची अपॉइंटमेंट आहे?”

शपथ घेतली. ती म्हणाली, शपथेला तरी सोडा. धनराजला फोन लाव म्हणालो. ती म्हणाली, मित्राला काय शिकवून ठेवलंय कुणास ठाऊक, मी नाही कुणाच्या दारात हसं करून घ्यायची.

२७ मार्च, गुरुवार
आठवडाभर रोज सांगतोय. उद्या चल, एकदा चल. रोज ती हं म्हणते आणि कामाला लागते. आज पांढरा शर्ट इस्त्रीला काढला, तर म्हणाली, छान वास येऊ दे या वेळी.

२८ मार्च, शुक्रवार
एकटाच गेलो. कावळा लगेच शिवला. मला काही बोलायची वेळच आली नाही.

नंतर एक लाजिरवाणी गोष्ट केली. पुरावा हवा होता. हार घातलेल्या फुलाबाईंच्या फोटोशेजारी उभा राहिलो आणि स्वतःचा फोटो काढला. लोक बघत होते. धनराज जवळ आला. मला वाटलं आता हाकलतो. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आई शेवटपर्यंत विचारायची, शेखरची बायको कधी येणार. नवी साडी तिच्यासमोरच नेसणार होती. मग तीच नेसवून आईला नेलं.

घरी आलो. अंघोळ केली. प्रतिभाला फोन दाखवला. तिने फोटो मोठा करून बघितला. हार, तारीख, गर्दी. मला वाटलं सुटलो एकदाचा. आता ती म्हणणार, खरं बोललात.

ती मटकन खाली बसली आणि तोंडात पदर घालून रडली. मी येते म्हणाले होते हो त्यांना, म्हणाली. साडीचं मी सांगितलंच नाही. सांगायची हिंमत झाली नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, “तुम्ही खरं सांगताय, हे मला कळायचं कसं?”

रागाने नाही. खरंच विचारत होती. मी तिच्यासमोर ओल्या डोक्याने उभा होतो.