कार्ब्युरेटरच्या तोंडावरची विभूती

अण्णा,

मी गुलबर्ग्याच्या मोटारीने निघाले. तू झोपला होतास, उठवलं नाही.

कार्ब्युरेटर धुऊनही अप्पांची मोटारसायकल अडखळते, कारण त्याच्या तोंडावरची जाळी फाटली आहे आणि अव्वा रोज सकाळी तिथेच विभूती लावते. राख आत ओढली जाते, पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं जेट बुजतं. ते काढून नुसतं फुंकून साफ कर, तार घालू नकोस. जाळी नवी बसव.

अव्वाला टाकीवर विभूती लावू दे. काल म्हणाली, "त्या दिशी इभूत लावायची ऱ्हायली, म्हनून तुमचे अप्पा गाडीवरून पडले आन् जिवानिशी गेले. चूक माझीच हाय."

गाडी कशाने बिघडली, हे तिने विचारलं तरी सांगू नकोस. पेट्रोलमध्ये कचरा होता म्हण.

नीलम्मा