भिंगाखालची ओळ

३ जून
नोकरी लागली! घरातली पहिली पदवीधर मी, आणि पहिल्याच फटक्यात राहायला खोलीसुद्धा. ज्यांना सांभाळायचं, त्या आजोबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. आता पार्किन्सनमुळे हातातला चमचाही थरथरतो. त्यांच्या सुनेने, म्हणजे वहिनींनी, काम समजावलं. गोळ्यांची डबी त्या भरणार. मी वेळेवर गोळी द्यायची, तक्त्यात वेळ लिहून सही करायची. हात चालता राहावा म्हणून आजोबा रोज वहीत एक ओळ लिहितात, ती मी तपासायची. आजोबा म्हणाले, पदवीधर बाई आल्या, आता थरथरसुद्धा शिस्तीत होईल!

९ जून
गोळीनंतर तासाभराने आजोबांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. वहिनींनी डॉक्टरांपुढे माझ्या तक्त्याचं कौतुक केलं. अकरा वर्षं या दुखण्यात गेली म्हणाल्या, तू आलीस आणि सुटले.

२८ जून
उंबऱ्यापाशी आजोबांचे पाय चिकटतात. पाऊल उचललं जावं म्हणून फरशीवर खडूने रेघा मारल्या. दोन दिवस त्या ओलांडत चालले, आता तेही नाही. चेहरा हलत नाही. काहीतरी पुटपुटतात, मला कळत नाही, वहिनी सांगतात, पाणी मागताहेत. अक्षर तर पंधरवड्यापासून मुंगीएवढं झालंय, वाचता येत नाही, नुसता शेरा मारते. वहिनी म्हणाल्या, आजार पुढे जायचाच.

११ जुलै
गोळी जिभेने बाहेर ढकलली. दुसऱ्यांदा. वहिनी म्हणाल्या, हट्ट आजाराचाच, दाबून दे. दिली. सही केली. आजोबांची नजर माझ्यावरून हटेना —

१६ जुलै, दुपार
वहिनी बाहेर. खणात आजोबांचं घड्याळ दुरुस्तीचं भिंग सापडलं. डोळ्याला लावून वही उघडली.
१२ जून : पोरी, गोळ्या बदलल्यात.
१३ जून : तेच. १४ — तेच.
चौतीस ओळी. प्रत्येकीखाली माझी लाल शाई : छान! जरा मोठं काढा.
कालची ओळ वेगळी : तूही त्यांच्यातलीच.

१६ जुलै, चार वाजता
कपाटामागे गोळ्यांची जुनी पट्टी. तिच्यातल्या गोळीवर मधोमध खाच. डबीतल्या गुळगुळीत. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सह्या तर सगळ्या तुझ्याच. वहिनींनी त्यांना सकाळीच सांगितलंय, मुलीवर लक्ष ठेवा —

सव्वाचार
खाचेची एकच गोळी उरलीय. कानाशी सांगितलं, आजोबा, ही खरी. ओठ घट्ट. हात जोडले. आणखी घट्ट. फाटक वाजलं, वहिनी आल्या. इथेच, या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवते — आजोबा, तोंड उघडा, मी त्यांच्यातली