शेवग्याच्या खांबांवर द्राक्षं

१२ जून १९५६, मंगळवार
आलं: नाशिकहून माझा भाऊ माधव याच्याकडून रेल्वे पार्सलनं द्राक्षाची मुळ्या फुटलेली रोपं, चार. हमाली चार आणे. पुलगाव स्टेशन ते नाचणगाव टांगा आठ आणे (बारा मागत होता). माधव लिहितो, लोखंडी अँगल लाव, तार बांध, पुढच्या फाल्गुनात घड दिसेल. अँगलचा भाव विचारला आणि घरी आले.

आईचीही चिठ्ठी आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही, म्हणून ती लेकीच्या घरचं अन्न घेत नाही. गेल्या वर्षी पुरीहून परतताना पुलगावला गाडी थांबली, तर माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही. आता लिहिते, फळाला दोष नाही; तुझ्या वेलाला द्राक्षं धरली की खायला येईन.
हे म्हणाले, मग वर्ध्याहून केळी आणू. केळ्यांसाठी कोणी नाशिकहून येतं का?

१७ जून
खांबांचा प्रश्न सुटला. शेजारच्या कौशल्याबाईंनी शेवगा तोडला, जाड फांद्या फुकट दिल्या. वर आडव्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, बांधायला जुन्या लुगड्यांचे काठ. माधवला कळवलं, अँगलपेक्षा मजबूत.

८ जुलै
पाऊस चांगला. एक खांब कलला. यांनी बोट लावलं होतं. मांडवाला बोट लावू नये.

२९ जुलै, पहाटे
नवल! तोडलेल्या लाकडाला पालवी! एका नव्हे, सगळ्या खांबांना. देवाचा कौल मिळाला, आई येणार. हळदकुंकू वाहिलं, निरांजन ओवाळलं. कौशल्याबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काऊन वं बाई, शेवग्याले पुजून राह्यली का? थो कुठीबी खोचला तं फुटते." भाव नसला की माणसाला नुसतं झाड दिसतं.

१ सप्टेंबर
पालवीच्या फांद्या झाल्या. वेलांवर ऊन पडत नाही. बरंच आहे, आपल्याकडचं ऊन फार. हे कोयता घेऊन आले. पूजलेल्या झाडाला कोयता! दोन दिवस बोलले नाही. माधवला लिहिलं: वेल सावलीत सुखरूप.

२८ ऑक्टोबर
पानांवर पांढरी भुरी आली आहे. अगदी विभूतीसारखी दिसते.

१६ डिसेंबर
दोन वेल गेले. उरलेल्यांना पाणी जास्त मिळेल. कौशल्याबाई: "आता तरी फांद्या छाट वं, नाईतर हेबी जातीन." छाटणारच होते, पण तेवढ्यात पाहुणे आले.

२० जानेवारी १९५७
तिसऱ्यापाठोपाठ चौथाही गेला. पार्सलात दगदग झाली असावी. रोपं मूळची नाजूक. आईचं कार्ड: फाल्गुनात कुठल्या गाडीनं येऊ? उत्तर उद्या लिहीन.

२४ फेब्रुवारी
उत्तर आज लिहिलं. हे म्हणाले, खरं तेच लिही. खरंच लिहिलं:

"चि. माधवास अनेक आशीर्वाद. द्राक्षांचं यंदा राहिलं. मांडवाला मात्र भरपूर धरलं आहे. आईला एवढंच विचार, शेवग्याची शेंग फळात धरतात की भाजीत? मीठ घालणार नाही, फोडणी देणार नाही, नुसती उकडीन. ती म्हणेल तर उकडणारही नाही. शेंगा जून व्हायला लागल्या आहेत, तरी उलट टपाली कळव."