पेट्रॉकचा पाव

३ सप्टेंबर १९१७
अखेर बेल्जियममध्ये, ईप्रजवळच्या तोफेवर रुजू झालो. ऊन छान पडलं आहे, चहाही गरम मिळाला. तुकडी सगळी कॉर्नवॉलच्या एकाच गावची, कथिलाच्या खाणीतली माणसं. एक्सेटरला लॅटिन शिकवणारा, त्रेचाळीस वर्षांचा मीच तेवढा परका. सार्जंट नॅनकिव्हलने माझे हात उलटसुलट करून पाहिले. म्हणाला, "मास्तर, हा खडू नाही बरं का. दोनशे पौंडांचा गोळा आहे!" सगळे हसले. मीही हसलो.
तोफेवरच्या माणसांत मला सात नंबर मिळाला. आधीचा सात, पेट्रॉक, ऑगस्टमध्ये गेला.

६ सप्टेंबर
खाणीत असताना जमिनीखालच्या अदृश्य मंडळींसाठी, म्हणजे खाणीतल्या भुतांसाठी, पावाचं टोक ठेवायची यांची रीत. इथे ते पेट्रॉकसाठी ठेवतात. जेवताना नॅनकिव्हल गोळ्यांच्या पेटीवर तुकडा ठेवतो आणि म्हणतो, "घे रे पेट्रॉक, लाजू नकोस."
मला एम्ब्रोज म्हणून अजून कोणी हाक मारलेली नाही. मास्तर, एवढंच. मेलेल्या माणसाचा हेवा वाटावा, हे काही बरं नव्हे.

११ सप्टेंबर
दोन दिवस शिधा आला नाही. पेटीवरचा तुकडा मी खाल्ला. भुकेपोटी की हेव्यापोटी, हे प्रामाणिकपणे सांगता येत नाही. चौकशी झाली तेव्हा उंदरांवर ढकललं. नॅनकिव्हल म्हणाला, उंदरांचं ठीक आहे. पण माणूस असेल, तर ज्याचा पाव खाल्ला त्याच्याशी जागा बदलावी लागते.

१४ सप्टेंबर
सकाळची मोजणी. 'सहा' झालं. मी तोंड उघडण्याआधीच कोणीतरी 'सात' म्हणालं. ओला आवाज, घशात चिखल असावा तसा. आठवा पुढे मोजत गेला. कोणी दचकलं नाही.

१५ सप्टेंबर
सगळ्यांसमोर कबूल केलं. उंदीर नव्हते, मी होतो. माफी मागितली. चहा वाटणारा हॉकिंग माझ्याकडे पाहत माझ्या मागच्याशी बोलत राहिला — पावसाबद्दल. माझ्या मगात चहा ओतलाच नाही.

१७ सप्टेंबर
माझ्या जागी तो. फक्त पाठ दिसते — चिखलाने माखलेली. त्याने वळू नये. ओरडलो. कोणीही —

१८
पेटीवर नवा तुकडा. नॅनकिव्हलने टोपी काढली. म्हणाला, "घे रे एम्ब्रोज, लाजू नकोस."
नावाने. पहिल्यांदाच. किती बरं वाटलं, ते लिहून ठेवायला हवं —
पाव अजून मऊ आहे. मी