पहिली आठ अक्षरं

३ मार्च

दादाशी भांडण. विषय — दळण.

लिफ्टच्या पॅनेलमधल्या बोर्डाची, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरची, सिस्टिम आम्ही ज्या सॉफ्टवेअर टूलने बांधतो, ते दादाने सोळा वर्षांपूर्वी लिहिलंय. पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाहीत. दळून त्याचं पीठ ठेवतात, म्हणजे चोराला दाणे कळू नयेत. टूलमधली जुनी पद्धत इतकं जाडंभरडं दळते की आजचं कुठलंही मशीन बसल्याबसल्या दाणे ओळखेल. मी म्हटलं, काढून टाकू.

"सोळा वर्षं चाललंय ना? तुला काही नवीन सुचलं की माझंच काहीतरी मोडायचं असतं."

सख्ख्या भावाबरोबर धंदा करू नये, हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?

४ मार्च

अबोला. चहा मात्र दोन कप केला त्याने.

५ मार्च

गिऱ्हाइकाची मेल — जुनी पद्धत दिसली तर सगळी पॅनेलं परत. दादा म्हणाला, "बघू." त्याचं 'बघू' म्हणजे नाही.

६ मार्च

हुकमी पान सापडलं! जुनी पद्धत पासवर्डची पहिली आठच अक्षरं बघते. बाकीची सरळ टाकून देते. आणि दादाचा पासवर्ड बावीस अक्षरी — केवढा अभिमान त्याला त्याचा.

जुन्या बोर्डापुढे बसवलं त्याला. "पहिली आठ नीट टाक, पुढे काहीही बडव." बडवलं. बोर्डाने बिनतक्रार आत घेतलं.

पडद्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे सोळा वर्षं मी उगाच बोटं झिजवली?"

हसून हसून माझं पोट दुखलं. मग तोही हसला. म्हणाला, "सरक. मीच लिहिलंय, मीच उडवतो." त्या ओळी त्याने स्वतः पुसल्या. मला जरा गलबलूनच आलं.

९ मार्च

नवी सिस्टिम बोर्डावर चढवली. पासवर्ड तोच ठेवलाय त्याने — कीबोर्डवर हात आडवा धरून, मी बघू नये म्हणून. "आता एकेक अक्षर मोजलं जाणार," म्हणाला. ऐट बघा.

१० मार्च

दादाला नव्या बोर्डात शिरता येईना. पाच वेळा चुकला. मी यथेच्छ चिडवलं.

सहाव्यांदा त्याच्या बोटांकडे बघितलं. सातव्यांदाही. पहिली आठ अक्षरं सरसर. पुढचं दर वेळी वेगळं.

जुनी पद्धत किती दिवस त्याला पाठीशी घालत होती, कोण जाणे.

"कीबोर्ड बिघडलाय," तो म्हणाला. मी दुसरा आणून दिला.

११ मार्च

वहिनीला फोन केला. "दादा हल्ली —" एवढंच म्हटलं.

ती म्हणाली, "तुझ्याही लक्षात आलं का?"