थिजलेलं तेल

आलापल्ली,
मंगळवार, २२ जानेवारी १९५७

प्रिय लटारू,

पत्र बघून घाबरू नकोस, घाबरायचं काम सध्या मी एकटाच पुरेसं करतो आहे. आपली कमळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. काल डॉक्टरसाहेबांनी तिला तपासलं. पोर पोटात आडवं आहे म्हणाले, इथं जोखीम नको, शुक्रवारी पहाटे निघा आणि चांद्याच्या दवाखान्यात न्या. मोटार त्यांचीच, ती छोटी, आणि ड्रायव्हर मीच. तिच्या आईनं, शकूनं, लगेच गोधड्या काढून उन्हात टाकल्या. मी मात्र आधी जाऊन गाडीचं बॉनेट उघडलं.

तुला त्या गाडीवरचा माझा डबा आठवत असेल. उन्हाळ्यात सागवानाच्या लॉऱ्यांमागून जाताना एवढी धूळ उडायची की इंजिनाची हवा गाळणारी जाळी दोन दिवसांत बुजायची आणि गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकायची. नवी जाळी नागपुराहून यायला महिना लागणार होता. मग मी वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेतला, खिळ्यानं भोकं पाडली, आत नारळाचा काथ्या कोंबला आणि सायकलच्या ट्यूबनं तो इंजिनाच्या नळीला आवळून बांधला. इंजिनाला थंड हवा मानवते हे तूच शिकवलेलं, म्हणून डबा पार गाडीच्या तोंडावरच्या जाळीमागे नेऊन बसवला. काथ्या मोबिल ऑईलमध्ये भिजव, हेही तू बजावलं होतंस. पण मोबिल ऑईल डॉक्टरांच्या कपाटात कुलपात, आणि मोहाच्या बियांचं तेल इथं घरोघरी. तेल ते तेल, असा विचार केला मी. चैत्रात गाडी अशी पळाली की काय सांगू. अहेरीच्या बाजारात मी चार लोकांना बॉनेट उघडून डबा दाखवला होता. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, आणि मी तर तुझ्या शब्दांना हसलो होतो.

मार्गशीर्षात जंगू आला. पलीकडच्या पाड्यावरचा, मध आणून देतो तो. त्याची बायको बुधरी दोन दिवस कळा देत होती आणि सुटका होत नव्हती. डॉक्टरांनी चांद्याला न्यायला सांगितलं. पहाटे गाडी शेडमधून काढून आम्ही निघालो. थंडी अशी की स्टेअरिंगवरची बोटं जागची हलेनात. घाट चढताना गाडी गुदमरली, दोन आचके दिले आणि बंद पडली. मी प्लग काढले, पुसले, लावले. पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. हँडल मारून मारून हाताची सालटं निघाली. मागे बुधरीचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. डब्याकडे माझा हात गेलाच नाही. स्वतःच्या करामतीवर कोण संशय घेतो? दीड तासानं ऊन बॉनेटवर आलं आणि गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं.

बुधरी वाचली. पोर गेलं. थोडं आधी आणलं असतं तर, एवढंच दवाखान्यातली नर्स म्हणाली. डॉक्टरसाहेबांना मी सांगितलं की पेट्रोलमध्ये कचरा आला होता. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

चौथ्या दिवशी जंगू घरी आला. बायको वाचवली म्हणून माझे पाय धरायला लागला. येताना बाटलीभर मोहाचं तेल घेऊन आला होता, घरच्या बियांचं. शकूनं बाटली उपडी केली तर थेंब पडेना. आत सगळं पांढरं, तुपासारखं थिजलेलं. तिनं बाटली चुलीजवळ ठेवली आणि बघता बघता तेल सुटं झालं. लटारू, मी तिथंच पाटावर बसून राहिलो. त्या रात्री गाडी मुद्दाम उघड्यावर ठेवली आणि पहाटे डबा उघडला. काथ्याचा पांढरा दगड झाला होता. त्यातून वाऱ्याची झुळूकसुद्धा गेली नसती.

आता मी काथ्या घासलेटात धुतला आहे, मोबिल ऑईल मागून घेतलं आहे. रोज पहाटे उठून बोटानं चाचपतो. गाडी सुरू होते. तरी कमळा अंगणात हाताचा आधार घेत उठली की माझ्या कानात बुधरीचा आवाज येतो.

तेव्हा तू गाडी बघायला ये, असं मी लिहीत नाही. गाडी ठीक आहे. त्या घाटात झाडाखाली देवाचा दगड आहे ना, येणारा-जाणारा ज्यावर डहाळी टाकतो, त्याच्यापुढेच आम्ही अडकलो होतो. काल जंगू कमळाचं ऐकून आला आणि म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी चूक माही होती. गडबडीत मी पाला टाकाले भुललो, म्हून देवानं गाडी अडवली. या खेपेले मी संगं येतो." महिनाभर तो हेच मनात घेऊन हिंडतो आहे. बुधरीलाही तसंच वाटतं, ती त्याच्याशी बोलत नाही. आणि मी त्याला चहा पाजून परत पाठवला. शुक्रवारी तो माझ्या शेजारी बसून माझ्या लेकीसाठी पाला टाकणार, आणि मी गप्प राहून गाडी हाकणार, हे माझ्याच्यानं होणार नाही. मला त्याला आणि बुधरीला सांगायचं आहे की पाल्याचा काही दोष नव्हता, डबा माझा होता. पण बुधरीला मराठी येत नाही, आणि माझी गोंडी बाजारापुरती, मध आणि मीठ मागण्यापुरती. तू त्यांच्यात वाढलास. हे पत्र ज्या लॉरीनं येतं आहे, तिच्याच परतीच्या फेरीनं गुरुवारी ये. तो मला काय करेल याची भीती वाटते आहे, आणि तो काहीच न करता परत माझे पाय धरेल याची त्याहून जास्त. सांगेन मीच, तू फक्त शेजारी उभा राहून ते गोंडीत सांग आणि माझा एकही शब्द मऊ करू नकोस.

तुझाच,
भैयाजी