मुखपृष्ठावरचं नाव

मंगळवार, संध्याकाळ. संत तुकाराम नगर.

डोकं फिरलंय. कुरुळीच्या भजनी मंडळाच्या अल्बमचं मुखपृष्ठ आज व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. 'ध्वनिमुद्रण: संदीप सर.' अरे, संदीप तबला वाजवतो! माइक लावले मी, मिक्सिंग केलं मी, स्टुडिओ माझा. बारा वर्षं हेच काम करतेय, आणि तरी सर?

रेकॉर्डिंगचे चारही दिवस मंडळाचे बुवा त्याच्याकडेच बघून बोलायचे. "सर, माझा आवाज जरा वाढवा की." संदीप बिचारा दर वेळी माझ्याकडे बोट दाखवायचा. तेव्हा मी का गप्प बसले? सवय झाली म्हणून?

शेवटी बुवांना फोन केला. "बुवा, रेकॉर्डिंग मी केलंय. माझं नाव कुठाय?"

"व्हय, पण बाईचं नाव टाकलं तर लोकांना वाटंल, तुमीच गायलात."

मग मीही सुनावलं. "शेवटच्या अभंगात तुमचा वरचा सूर फाटला होता. दुसऱ्या टेकमधला चांगला सूर कापून तिथे कोणी जोडला? संदीप सरांनी?"

बुवा हळूच म्हणाले, "ते कुणाला सांगू नका, ताई. नाव छापतो. मोठ्या अक्षरात छापतो."

म्हणजे नाव मिळालं ते कामामुळे नाही, भीतीमुळे. याचाच जास्त राग येतोय. कारण गाणाऱ्याचा फाटलेला सूर मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. त्यांचाही सांगितला नसता.